ब्राँझच्या भांड्याचं जुनं एचिंग मागवलं, त्याचा रिव्ह्यू (आणि फ्रेमवाल्याचाही)

सरळ मुद्द्यावर येतो. वस्तू काय, तर एकोणिसाव्या शतकातलं फ्रेंच एचिंग (धातूच्या पत्र्यावर ॲसिडने खाचा पाडून त्यावरून कागदावर छापलेलं चित्र), चित्रात इटलीतलं सोळाव्या शतकातलं ब्राँझचं नक्षीदार भांडं. विकणारा इंग्लंडमधला एक जुनी चित्रं नि नकाशे विकणारा ऑनलाइन सेलर आणि पार्सल आलं वेंगुर्ल्याला आमच्या होमस्टेच्या पत्त्यावर. चित्राचे साडेचार हजार, पाठवणावळ आणि कस्टम धरून साडेसाताच्या आसपास गेले. चित्राला पाच स्टार, पॅकिंगला पाच, लिस्टिंगला दोन, आणि इथे बाजारात ज्या दुकानात फ्रेम करायला गेलो त्याला शून्य देता येत नाही म्हणून एक.

आधी लिस्टिंगचं बोलतो कारण नवीन माणूस तिथेच गंडतो. टायटल होतं 'अँटिक रेनेसान्स ब्राँझ व्हेसल एचिंग', सगळे शब्द एका दमात, आणि वाचणाऱ्याला वाटणार की अरे वा, पाचशे वर्षं जुनं चित्र मिळतंय. तसं काही नाहीये. रेनेसान्समधलं, म्हणजे युरोपातल्या पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या कलेच्या बहराच्या काळातलं, आहे ते भांडं, चित्र त्याच्यानंतर तीनेकशे वर्षांनी काढलेलं आहे. खाली डिस्क्रिप्शनमध्ये बारीक अक्षरात 1870 च्या दशकातलं असं लिहिलंय म्हणजे फसवणूक म्हणता येणार नाही, पण टायटल असं लिहायचं की माणसाने क्लिक करायलाच पाहिजे, ही हुशारी मला आवडत नाही. खरंच रेनेसान्सच्या काळातलं एचिंग म्हणजे जर्मनीतल्या ऑग्सबर्गचा डॅनियल हॉपफर वगैरे मंडळी, चिलखतांवर ॲसिडने नक्षी खायला लावायची कारागिरांची जी पद्धत होती ती त्याने पत्र्यावर करून कागदावर छापली, किंवा जर्मन चित्रकार ड्युररने 1515 ते 1518 मध्ये लोखंडी पत्र्यांवर केलेली मोजकी एचिंग्ज. ती साडेचार हजारात मिळत असती तर मी होमस्टे चालवला नसता.

मग एकोणिसाव्या शतकातल्या चित्रासाठी एवढे पैसे का घालायचे, असं विचाराल तर त्याचं कारण आहे. तेव्हा फ्रान्समध्ये जुन्या वस्तू जमवायचं प्रचंड वेड आलेलं, म्युझियमं उघडत होती, श्रीमंत लोक इटलीतून ब्राँझ, माजोलिका (रंगीत चकाकीची मातीची भांडी), हस्तिदंत असलं गोळा करत होते आणि ते सगळं दाखवायला मासिकं निघाली. 'गझेत दे बोझार' हे 1859 पासूनचं. फोटो काढता येत होते पण फोटो आहे तसा शाईने मजकुरासोबत छापायची सोय अजून नीट बसलेली नव्हती, त्यामुळे वस्तू दाखवायची तर कलाकाराला बसवून तांब्याच्या पत्र्यावर एचिंग करून घ्यायचं आणि ते वेगळं छापून अंकात घालायचं. त्यात 1862 मध्ये पॅरिसला आल्फ्रेद कादारने एचिंगवाल्यांची सोसायटी काढली आणि एचिंगला एकदम भाव आला. वस्तूंच्या एचिंगमधला बाप माणूस म्हणजे ज्यूल जाकमार (1837 ते 1880), त्याने फ्रेंच राजांच्या खजिन्यातल्या स्फटिकाच्या नि रत्नांच्या पात्रांच्या 60 प्लेटा केल्या, 1865 पासून त्या छापल्या गेल्या, आणि त्यात स्फटिक स्फटिकासारखा दिसतो आणि सोनं सोन्यासारखं, तेही नुसत्या काळ्या शाईत. माझं चित्र जाकमारचं नाही, सेलरनेही तसं म्हटलेलं नाही, पण त्याच घराण्यातलं आहे हे बघितल्यावर कळतं.

स्वस्त का आहे तेही सांगतो म्हणजे 'स्वस्तात मिळालं म्हणजे खोटं असणार' असं कोणी म्हणू नये. तांबं मऊ. दाबयंत्रातून पत्रा परत परत गेला की रेघा झिजतात आणि काही शे प्रिंटनंतर चित्र फिकं पडायला लागतं. 1850 च्या दशकाच्या शेवटाला फ्रान्समध्येच विजेच्या साहाय्याने तांब्यावर लोखंडाचा अगदी पातळ मुलामा चढवायची युक्ती निघाली, मग एकाच पत्र्यावरून हजारांनी छापा, रेघ तशीच्या तशी. त्यामुळे ही मासिकातली चित्रं दुर्मिळ नाहीत, आजही भरपूर फिरताहेत, आणि तरी कडक दिसतात. दुर्मिळपणाचे पैसे मागणारा सेलर भेटला तर पुढे जा. माझ्या सेलरने तसं केलं नाही, हा त्याचा प्लस.

आता खरं आहे की नाही ते कसं बघायचं. आर्ट कॉलेजात आम्हाला प्रिंटमेकिंग होतं, जस्ताच्या पत्र्यावर मेण, डांबर आणि राळेचा थर द्यायचा, मेणबत्तीच्या धुराने तो काळा करायचा, सुईने ओरखडत चित्र काढायचं, मग पत्रा नायट्रिक ॲसिडमध्ये, आणि रेघांवर बुडबुडे जमले की पिसाने हळूच बाजूला करायचे, खिडक्या उघड्या ठेवून, नाहीतर खोकून जीव जातो. ॲसिडने खाल्लेल्या खाचेत शाई भरायची, वरची जाळीदार कापडाने आणि शेवटी तळहाताने पुसायची, ओलसर कागद वर ठेवून प्रेसमधून काढायचं. हे एकदा हाताने केलं की दुसऱ्याचं एचिंग बघताना डोळा आपोआप कडेला जातो, कारण पत्रा कागदात रुततो त्याचा चौकोनी दाब, प्लेटमार्क म्हणतात तो, तिथे असतो. माझ्या चित्राला तो चारी बाजूंनी आहे, पत्रा साधारण 22 बाय 16 सेंटीमीटरचा. पण नुसत्या प्लेटमार्कवर जाऊ नका, तो नंतर खोटाही दाबता येतो.

घड्याळजीचं भिंग घ्या नाहीतर मोबाइलला लागणारी मॅक्रो लेन्स. छापील फोटोकॉपी असेल तर रेघेच्या जागी ठिपक्यांची जाळी दिसते, विषय संपला. खऱ्या एचिंगची रेघ सलग असते, कड किंचित खडबडीत कारण ॲसिड काही सरळ रेषेत खात नाही, आणि रेघेचं टोक बोथट असतं. हत्याराने कोरलेल्या एनग्रेव्हिंगची रेघ टोकाला निमुळती होत सुईसारखी संपते, एचिंगची तशी नाही, ती चालता चालता थांबते. आणि गडद भागावर आडवा उजेड पाडला की शाई कागदाच्या वर उभी दिसते. माझ्यात भांड्याच्या पोटाखाली जिथे सगळ्यात काळोख आहे तिथे ही शाईची उंची इतकी स्पष्ट आहे की मी आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना भिंग देऊन दाखवतो, त्यांना किल्ला नि बीच बघायचा असतो, पण नाइलाज आहे, नाश्ता मिळायच्या आधी एचिंग बघावं लागतं.

भांडं कसं आहे? उभं, पोटाला गोल, गळ्याला अरुंद, खाली वाघाच्या पंजांचे तीन पाय. दोन कान आहेत ते साप आहेत, एकमेकांना वेटोळे घातलेले, आणि त्यांची तोंडं काठावर येऊन आत डोकावतात. पोटावर फुलापानांचे हार लोंबतायत, हार धरायला गुबगुबीत नागडी पोरं, आणि दोन कानांच्या बरोबर मध्ये एक मोठा चेहरा, डोळे वटारलेले, दाढीची पानं झालेली, तोंड उघडं. आपल्याकडच्या माणसाला तो बघताक्षणी कीर्तिमुख वाटणार, मलाही वाटलं, पण त्याचा वंश वेगळा आहे. रोममध्ये सम्राट नीरोचा गाडला गेलेला राजवाडा 1480 च्या सुमाराला सापडला, चित्रकार दोरांनी खाली उतरून मशालीच्या उजेडात तिथल्या भिंतींवरची नक्षी उतरवून घ्यायला लागले, अर्धी माणसं अर्धी पानं, पंखवाल्या बाया, मुखवटे, आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत ती नक्षी इटलीतल्या भिंतींवरून ताटांवर, चिलखतांवर, दौतींवर, ब्राँझच्या भांड्यांवर सगळीकडे पसरली. त्यातलाच हा दाढीवाला.

खाली फ्रेंचमध्ये एवढंच छापलंय की ब्राँझचं पात्र, इटालियन काम, सोळावं शतक. कुणाचं ते नाही. तेव्हा पादुआ शहर म्हणजे ब्राँझच्या छोट्या वस्तूंचं माहेरघर, अँड्रिया रिच्चो हा तिथला सगळ्यात नावाजलेला, 1532 मध्ये वारला, त्याने सेंट अँथनीच्या चर्चमधली भलीमोठी ब्राँझची दीपमाळ केली, 1507 ला काम घेतलं आणि 1516 ला उभी राहिली, आणि त्याच्याच हाताखालून नि त्याच्या नकलेतून दिवे, दौती, धूपदाण्या असलं पुष्कळ निघालं. हे लोक आधी मेणात सगळी नक्षी करायचे, मेणावर मातीचा साचा, तापवून मेण काढून टाकायचं आणि पोकळीत वितळलेलं ब्राँझ. आपले पंचधातूच्या मूर्ती करणारे ओतारी हेच करतात. व्हेरोनातला जोसेफ दे लेविस नावाचा ओतारी तर देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, घंटाही ओतायचा आणि खलबत्ते, दौती, दाराच्या कड्याही, धातू एकच नि भट्टी एकच. हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडच्या त्या घंटा आठवल्या, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आपल्या देवळांत नेऊन टांगल्या त्या, नाशकात नारोशंकराच्या देवळात आहे ती 1721 ची. युरोपातली ओतकामाची रीत आपल्याला अगदीच परकी नाही, रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या देवळात वाजते ती.

पण मी हे चित्र भांड्यासाठी घेतलेलं नाही. भांडं खरं आहे का याचीसुद्धा गॅरंटी नाही, कारण त्या काळात रेनेसान्सच्या वस्तूंना इतकी मागणी होती की नव्या बनवून जुन्या म्हणून खपवायचा धंदा जोरात होता. पॅरिसचा फ्रेडरिक स्पिट्झर हा मोठा डीलर आणि संग्राहक, 1893 मध्ये त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला तेव्हा अख्खा युरोप लोटला होता, आणि नंतर जर्मनीतल्या आखेनच्या राइनहोल्ड फास्टर्स नावाच्या सोनाराची ड्रॉइंग्ज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ओळखली गेली तेव्हा कळलं की रेनेसान्समधल्या म्हणून नावाजलेल्या बऱ्याच वस्तू या गृहस्थाच्या हातच्या. तेव्हा माझ्या चित्रातलं भांडं पादुआत ओतलेलं की पॅरिसच्या एखाद्या मागच्या गल्लीत, देव जाणे. एचिंग मात्र खरंच आहे. खोट्या भांड्याचं खरं एचिंग असलं तरी माझी हरकत नाही.

मी घेतलंय ते धातूसाठी. ब्राँझ काळपट, वरून जुना लाखेचा थर, आणि तरी चकाकतंय, हे नुसत्या रेघांत कसं आणायचं? या एचिंगवाल्याने काय केलंय बघा. पोटाच्या डाव्या बाजूला त्याने एक उभा चौकोन जवळजवळ कोराच सोडलाय, मध्ये एक बारीक उभी नि एक आडवी रेघ. लांबून बघितलं की ती खिडकी आहे! ज्या खोलीत बसून त्याने चित्र काढलं तिची खिडकी भांड्यावर पडलीय, आमच्याकडे गणपतीआधी आई भिजवलेल्या सोलांनी कळशी घासते तेव्हा मागच्या पडवीची खिडकी तिच्यावर दिसते तशी, पोटाच्या गोलाव्याबरोबर वाकलेली. खिडकीच्या कडेच्या रेघा इतक्या नाजूक आहेत की ॲसिडचा अगदी थोडाच बाइट, म्हणजे खाण्याची खेप, दिलेला असणार, मग तेवढा भाग वॉर्निश लावून बंद केला, पत्रा परत ॲसिडमध्ये, मधले टोन खाऊ दिले, ते बंद केले, आणि शेवटी फक्त पोटाखालचा काळोख, सापांच्या वेटोळ्यांच्या आतल्या बाजू, उघड्या तोंडाची पोकळी एवढं उरवून ते भरपूर वेळ खाऊ दिलं. चार बाइट तरी दिसतात मला, कदाचित पाच. आणि यात रबर नाही, ॲसिडने खाल्लं ते खाल्लं, दुरुस्त करायचं तर पत्रा घासून खाली न्यायचा.

अजून एक गोष्ट, आणि हीच मी रोज बघतो. पोटाची उजवी बाजू सावलीत जाते, गडद होत जाते, आणि अगदी कडेला पोचायच्या आत परत किंचित उजळते. टेबलावरचा उजेड खालून उसळी मारून भांड्याला लागलाय. नवशिका कडेपर्यंत काळं करत नेतो आणि मग भांडं पुठ्ठ्याचं कापून चिकटवल्यासारखं होतं, आमची मास्तरांनी यावरून किती कागदं फाडली असतील. या माणसाने तिथे रेघांमधलं अंतर केसभर वाढवलंय, बस्स, आणि भांड्याला मागची बाजू मिळाली. तिथे हात घालून मागून धरता येईल असं वाटतं.

नक्षीत मात्र एके ठिकाणी कंटाळलाय तो. डावीकडची गुबगुबीत पोरं मन लावून केलीत, गुडघ्याच्या वळ्यासकट, उजवीकडची नुसती उरकलीत, एकाला तर पायाची बोटंच नाहीत. अंकाची तारीख जवळ आली असणार.

आईचा रिव्ह्यूही देऊन टाकतो. पार्सल उघडलं तेव्हा ती शेजारी होती. "ह्या काय हाडलंस रे? भांड्याचो फोटो?" मी म्हटलं फोटो नाय गे, एचिंग. किंमत ऐकली आणि म्हणाली, "मगे भांडाच हाडूचा होता मां!" माळ्यावर आजीच्या काळातला हंडा आहे, दोन घंगाळं आहेत, पितळेची परात आहे, ती घासून हॉलमध्ये ठेव, पाहुण्यांना ती आवडतील असं तिचं म्हणणं, आणि धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण पाहुणे एचिंगपुढे अर्धा मिनिट उभे राहतात आणि हंड्याबरोबर सेल्फी काढतात.

एक गोष्ट मला खटकते ती सांगतोच. कागदाच्या डाव्या कडेला शिवणीची बारीक भोकं आहेत, म्हणजे हे पान बांधलेल्या व्हॉल्यूममधून काढलेलं आहे. या धंद्यात सर्रास चालतं हे, जुना अंक अख्खा विकला तर थोडे पैसे, चित्रं सुटी करून विकली तर कितीतरी पट, मग मजकूर जातो रद्दीत. सेलरला मेल करून विचारलं तर त्याने सरळ उत्तर दिलं की व्हॉल्यूम आधीच खिळखिळा होता, बांधणी गेलेली, बरीच पानं गहाळ. खरं असेल, नसेलही. उत्तर दिलं हे बरं केलं, पण चित्रासोबतचा लेख मिळाला असता तर भांडं कुणाच्या संग्रहातलं ते कळलं असतं, ते आता कधीच कळणार नाही आणि याची चुटपुट लागून राहते.

पॅकिंगबद्दल काही बोलायलाच नको इतकं चांगलं. नळीत गुंडाळून पाठवलं नाही हे पहिलं. दोन कडक पुठ्ठे, त्यांच्या नाळी एकमेकींना आडव्या म्हणजे कुठल्याच बाजूने वाकत नाही, आत स्वच्छ पातळ कागद, त्यावर सील केलेली प्लास्टिकची पिशवी. बाहेरच्या पुठ्ठ्याचा एक कोपरा प्रवासात चेपला होता, आत काही नाही. लिस्टिंगमध्ये 'थोडे तपकिरी ठिपके' लिहिलं होतं, तेवढेच आहेत, वरच्या मार्जिनमध्ये, चित्रावर नाहीत. साइज मात्र लिस्टिंगमध्ये अख्ख्या कागदाची दिलीय, चित्राची नाही, मागवताना पत्र्याचं माप वेगळं विचारून घ्या नाहीतर भिंतीवर केवढं दिसेल याचा अंदाज चुकतो.

आता फ्रेम. दुकानाचं नाव गाव काही लिहीत नाही, देवांचे फोटो चांगले करतात ते, त्यात वाद नाही. पण चित्र टेबलावर ठेवलं आणि तो पहिलं वाक्य काय बोलला, "साहेब, कडेचं पांढरं जास्त आहे, उडवून टाकू, बारा बाय दहाची पट्टी रेडी आहे माझ्याकडे." पांढरं उडवायचं! म्हणजे प्लेटमार्कसकट. मार्जिन कापलेलं एचिंग आणि कॅलेंडरचं पान यात विकणाऱ्याच्या दृष्टीने फारसा फरक राहत नाही. मी नको म्हटलं तर म्हणाला मग लॅमिनेशन मारून घ्या, पावसात पाण्याची चिंताच नाय. लॅमिनेशन म्हणजे तापवून प्लास्टिक चिकटवणार, ते परत कधी निघत नाही, आणि शाईचा तो उंचवटा ज्यासाठी आपण पैसे दिले तो सपाट. तेही नको म्हटल्यावर त्याने मागच्या हार्डबोर्डला फेव्हिकॉल लावायला सुरुवात केली, मी चित्र उचललं आणि निघालो, ब्रश हातातच राहिला त्याच्या. वर म्हणतो "एवढं काय त्यात, जुना कागदच आहे ना." ॲडव्हान्स दिला होता तो मागायला तीन फेऱ्या झाल्या आणि शेवटी त्यातलेही शंभर कापून घेतले, माप घेतल्याचे म्हणे.

मग पणजीला ओळखीचा एक फ्रेमवाला आहे, आर्ट गॅलऱ्यांचं काम करणारा, त्याच्याकडे दिलं. त्याने जे केलं ते लिहितो कारण आपल्या किनाऱ्यावर हेच करायला पाहिजे, मग तो कोणीही करो. मागे नि पुढे दोन्हीकडे ॲसिड-फ्री माउंटबोर्ड (चित्राच्या मागे लावायचा नि पुढे मध्ये खिडकी कापून लावायचा पुठ्ठा), साध्या बोर्डातलं ॲसिड काही वर्षांत त्या कापलेल्या खिडकीच्या कडेने कागदावर तपकिरी रेघ उठवतं. चित्र कुठेही सबंध चिकटवलेलं नाही, फक्त वरच्या कडेला मागून जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या, त्याही गव्हाच्या स्टार्चच्या खळीने, पाणी लावलं की सुटतात. त्यामुळे दमट हवेत कागद फुगला तरी त्याला हलायला जागा आहे. पुढचा माउंट जाड घेतला म्हणजे काच कागदाला टेकत नाही, टेकली की तिथेच घाम धरतो आणि बुरशी सुरू होते. मागे फट राहू नये म्हणून नीट सील, काच अल्ट्राव्हायोलेट अडवणारी. याचे सहा हजार झाले, म्हणजे चित्रापेक्षा जास्त, आईला अजून सांगितलेलं नाही.

आणि टांगायची जागा. बाहेरच्या भिंतीवर अजिबात नाही. आमचं घर चिऱ्याचं, पावसाळ्यात जांभा दगड ओल धरतो, जुलैत भिंतीला हात लावला की गार लागतो, त्यावर फ्रेम म्हणजे बुरशीला आमंत्रण. हवेतला दमटपणा सलग पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, आणि इथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्याच्या खाली कधी येतो ते विचारू नका. तेव्हा मधल्या पार्टिशनच्या भिंतीवर, फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून, म्हणजे भिंत आणि फ्रेम यात हवा खेळती. खिडकीसमोर नाही, म्युझियमवाले कागदावरच्या चित्रांना 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपासचाच उजेड देतात, आपल्याकडचं ऊन म्हणजे त्याच्या कितीतरी पट. स्वयंपाकघरापासून लांब. आणि पावसाळ्यात अधूनमधून काढून मागची बाजू बघायची, कसर लागली का, नवीन ठिपके आले का. माझ्यात या पावसाळ्यात नवीन ठिपका आलेला नाही, वरचे जुने आहेत तेवढेच.

घ्यावं का? तुम्हाला ड्रॉइंग बघायची आवड असेल तर डोळे झाकून घ्या, या पैशात शोपीस म्हणून जी छापील चित्रं विकतात त्यांच्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. गुंतवणूक म्हणून घेत असाल तर नको, याचा भाव फार वाढत नसतो. सेलरकडे याच जातीची अजून काही आहेत, एक ब्राँझचा दिवा आहे आणि एक दौत, दौतीचं मी बघून ठेवलंय, तिचं मार्जिन एका बाजूने कापलेलं वाटतंय, त्याला फोटो मागवलाय. मागवायचं असेल तर दिवाळीनंतर मागवा, भर पावसात कुरियरवाला पार्सल गेटवर ठेवून फोन करतो.